दोन मांजरं घेऊन निघालो होतो

नवरा निवृत्त झाला आणि आम्ही कोल्हापूर सोडून नायगावला राहायला यायचं ठरवलं. फ्लॅट बुक केला तेव्हा तिथे खाडीकाठचा चिखल होता आणि एक फलक होता. आता चिखलाच्या जागी टॉवर आहे. नवऱ्याचं मूळ घर तिथून जवळच, निर्मळला. केळी, पडवळ, सोनचाफा अशी वाडी आहे, ती दीर बघतात आणि दिरांना सासूबाई बघतात. निवृत्तीनंतर वाडीजवळ राहायचं हे नवऱ्याचं स्वप्न होतं. वाडीजवळ, वाडीत नव्हे. वाडीत गेल्यावर काम करावं लागतं.

सामानाची काळजी नव्हती, ते ट्रकने आदल्या दिवशी गेलं. काळजी होती ती दोन मांजरांची. एक तांबडा बोका, छातीवर पांढरा डाग, स्वभावाने साहेब. दुसरी राखी रंगाची मांजरी, जिला आम्ही सोडून कुणीच कधी पाहिलेलं नाही, कारण बेल वाजली की ती नाहीशी होते. गाडी मी चालवणार होते. नवऱ्याने पाठदुखीमुळे गाडी सोडली आहे, सूचना सोडलेल्या नाहीत.

"जनावराची मानसिकता समजून घ्यायला हवी," असं म्हणून त्याने मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले आणि दोन पिंजरे आणून हॉलमध्ये उघडे ठेवले. मांजरांना सवय व्हावी म्हणून. सवय उत्तम झाली. दोघंही रोज दुपारी पिंजऱ्यात झोपू लागली. निघायच्या दिवशी सकाळी मात्र दोघंही स्वयंपाकघरातल्या माळ्यावर जाऊन बसली, आणि मानसिकता बाजूला ठेवून नवऱ्याला स्टुलावर चढावं लागलं. हाताला दोन ओरखडे, एकाला पट्टी. निघालो.

किणी टोलनाक्याच्या आधीच बोक्याने तोंड उघडलं. दर श्वासाला एक आरोळी, आणि तक्रारीचा सूर असा की शेजारच्या गाडीतले लोक काच खाली करून आमच्याकडे बघू लागले. मांजरी गप्प होती. पण तिने पिंजऱ्यात जे केलं त्याचा वास लवकरच सगळ्या गाडीला कळला. म्हणून कऱ्हाड ओलांडल्यावर हायवेलगतच्या एका हॉटेलाशी थांबलो. मागे डोक्यापेक्षा उंच ऊस. गल्ल्यावर एक बाई बसली होती आणि एका ट्रॅव्हल्सच्या बसमधली सगळी गर्दी तिच्याभोवती होती. मी मांजरीच्या पिंजऱ्यातलं फडकं धुवायला नळावर गेले.

परत आले तर गाडीचं दार सताड उघडं, बोक्याचा पिंजरा रिकामा, आणि नवरा उसाच्या कडेला उभा राहून "बोकोबा, ये रे राजा" असं बोलवत होता. कॉलेजापासून ओळखते मी याला. या आवाजात त्याने मला कधीही हाक मारलेली नाही.

"काय केलंस?"

"काही नाही. त्याला हवा लागावी म्हणून बोटभर उघडलं."

"पिंजरा की गाडी?"

"दोन्ही."

मग शोध सुरू झाला. दोन ट्रक ड्रायव्हर आणि आदल्याच दिवशी कामाला लागलेला एक वेटर मदतीला आले. उसात आतवर कुणी जाईना. एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, या पट्ट्यात बिबट्या आहे." हे ऐकून नवरा दोन पावलं मागे आला आणि तिथून अधिक जोराने हाका मारू लागला.

शेवटी मला सुक्या बोंबलांची आठवण झाली. जाऊबाई अर्नाळ्याहून आणलेले बोंबील आम्हाला पाठवायच्या आणि त्यांचा वास आला की बोका घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायचा. खाण्याच्या पिशवीत त्यातलीच एक पुडी होती, ती उघडून बांधावर धरली. थोड्याच वेळात ऊस हलला आणि तांबडं डोकं बाहेर आलं. छातीवर पांढरा डाग. नवऱ्याने झडप घालून त्याला उचललं, गाडीत बसला, काचा वर केल्या. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाचे पैसे मोबाइलवरून दिले आणि गाडी काढली.

पुढचा प्रवास कसा झाला म्हणून सांगू! आरोळी नाही, ओरखडा नाही. बोक्याने पिंजऱ्यात जायला नकार दिला, पण तो नवऱ्याच्या मांडीवर गोल होऊन बसला आणि चक्क घुरघुरू लागला. आमचा बोका पाच वर्षांत कुणाच्या मांडीवर बसला नव्हता.

"बघ, संकटात त्याला आपलं माणूस कळलं," नवरा हळव्या आवाजात म्हणाला.

"जरा लहान वाटत नाही का तुला?"

"भीतीने आकसलाय."

"आणि शेपटी?"

"चिखल लागलाय गं."

मागच्या पिंजऱ्यातून राखी मांजरी त्याच्यावर सारखी फिस्कारत होती. त्याचंही उत्तर तयार होतं: अंगाला उसाचा वास येतोय, म्हणून तिला ओळख पटत नाही. इथे सांगायला हवं की नवऱ्याने अख्खी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात केली. बाहेरून आलेला माल आपण मागवलेलाच आहे की नाही, हे बघणं त्याचं काम होतं.

खंबाटकी गेला, पुणे गेलं, घाट उतरलो, ठाणे ओलांडलं आणि घोडबंदर रोडला नेहमीसारखे अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. आणि माझ्या घोट्याला काहीतरी मऊ लागलं. मी किंचाळले. गाडी उभीच होती म्हणून बरं. माझ्या सीटखालून एक तांबडं डोकं बाहेर आलं, त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि सकाळी कऱ्हाडला जिथे थांबली होती तिथून आपली तक्रार पुढे चालू केली.

दोन बोके एकमेकांकडे बघत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

नवरा म्हणाला, "मग हा कोण?"

नायगावला पोचलो तेव्हा सासूबाई दिरांबरोबर आधीच येऊन बसल्या होत्या. दाराला तोरण, स्वयंपाकघरात केळ्यांचा घड. त्यांनी पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खांद्यावरच्या बोक्याकडे.

"दोन म्हणाली होतीस ना? वाटेत व्याली की काय?"

"आई, हा बोका आहे."

"मग हा कुठून आणलास?"

नवरा सांगू लागला. ऐकता ऐकता त्यांनी नव्या बोक्याच्या मानेवरून हात फिरवला आणि केसांतून एक काळा दोरा वर काढला. "हा कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय रे. घरचं मांजर आहे हे. तुम्ही चोरून आणलंत."

दीर मोठ्याने हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "फोन कर आधी," त्या म्हणाल्या.

चहाचे पैसे दिले होते त्यामुळे हॉटेलचा नंबर सापडला. गल्ल्यावरच्या बाईंनीच उचलला. मी विचारलं, तुमच्याकडचा एखादा तांबडा बोका हरवलाय का?

"गळ्यात काळा दोरा? अगं बया! आत्या, ओ आत्या, सापडला!" मग मला म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचा हाय. दुपारपास्नं जेवल्या न्हाईत. बिबट्यानं नेला म्हणून रडत बसल्यात."

फोन म्हातारीच्या हातात गेला, म्हणून मी तो नवऱ्याच्या हातात दिला.

"मावशी, बिबट्याने नाही नेला. आम्ही नेला."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "कशापायी?"

नवऱ्याने फोन परत माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, कुणी ओळखीचं त्या बाजूला जाणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवू. "जनावर असं पाठवतात का?" नवरा एकदम चिडला. "आपणच जाऊ." आपण म्हणजे गाडी मी चालवणार. एक दिवस विश्रांती घेऊन निघायचं ठरलं. त्या एका दिवसात नवा बोका नवऱ्याच्या पोटावर झोपला, त्याच्या मागे मागे बाथरूमच्या दारापर्यंत गेला, आणि नवरा पेपर वाचत असताना पेपरावर बसला. आमचा साहेब न उघडलेल्या खोक्यांमागे होता, राखी मांजरी कुठे होती हे आजही सांगता येणार नाही. नवरा एकदा मला म्हणाला, "असंही असतं तर मांजर."

आमच्या दोन्ही मांजरांना सासूबाईंच्या हवाली करून पुन्हा तोच रस्ता, उलट्या दिशेने. या वेळी गाडीत कुणी ओरडलं नाही. हॉटेलच्या मागे, उसाला लागूनच त्यांचं घर होतं. अंगणात बाजेवर म्हातारी बसली होती. नवऱ्याने बोक्याला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं, तर बोक्याने मध्येच खाली उडी मारली, सरळ ओसरीवरच्या आपल्या वाटीशी गेला आणि दूध प्यायला लागला. मागे वळून बघणं वगैरे काही नाही.

म्हातारीने आधी दोरा तपासला. मग नवऱ्याला विचारलं, "काय खायाला घातलंसा?"

"बोंबील."

"घ्या! आता हितं कुठनं आणू मी बोंबील?" ती वैतागली, मग हसली, आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना नवरा सारखा ओसरीकडे बघत होता. बोका उन्हात झोपला होता. निघताना नवरा त्याच्याजवळ जाऊन बसला, हात पुढे केला, मग झोपमोड नको म्हणून मागे घेतला.

परतीच्या वाटेवर त्याने एकही सूचना केली नाही. लेन बदल म्हणाला नाही, ब्रेक म्हणाला नाही. त्याच्या काळ्या पँटवर तांबडे केस होते. एरवी केस दिसला की ब्रश घेऊन बसणारा माणूस तसाच बसून राहिला. खोपोलीशी मी विचारलं, "चहा घ्यायचा?" तो म्हणाला, "नको. तू दमली असशील, तू घे." मला त्या वेळी खरोखर त्याचं वाईट वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात स्वतःहून मांडीवर येऊन बसलेलं एकमेव जनावर, आणि तेही चुकून उचललेलं.

आता हॉटेलवाल्या बाई अधूनमधून बोक्याचे फोटो पाठवतात. बाजेवर, पोत्यावर, म्हातारीच्या पदरात. नवरा प्रत्येक फोटोला लगेच उत्तर देतो. माझे मेसेज तो दुसऱ्या दिवशी बघतो. मध्ये एकदा म्हातारीने स्वतः फोन केला. "गुऱ्हाळ सुरू झालं की या," म्हणाली. "गूळ न्या, काकवी न्या. बोका तेवढा न्यायचा न्हाई."

थंडीत जायचं आम्ही नक्की केलं आहे. आमची दोन्ही मांजरं तोवर निर्मळला, वाडीत राहतील, हेही ठरलं आहे. फक्त सासूबाईंना अजून सांगायचं आहे.