‘फेअर’ कापूस

हे सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. आज दारावरून सरकीच्या ढेपेची गाडी गेली आणि त्या वासासरशी खामगावचा कापूसबाजार आठवला.

मी दुभाषी होतो. गोऱ्या साहेबाने रोहिणखेडच्या करीमचाचांचा कापूस चिमटीत ओढून पाहिला आणि म्हणाला, “फेअर.”

“म्हंजे पोराच्या फेअर वहीसारखा साफ न बे?” चाचा खुशीत म्हणाले.

कापसात फेअर म्हणजे ‘गुड’हून हलका. पण मी साहेबाच्या दलालाच्या घरी रोज जेवत होतो, नुसता हसलो. बोटांच्या खुणेने भाव ठरवायला चाचांनी रुमालाखाली दलालाला हात दिला. हात दिला की प्रत कबूल. पोरीच्या लग्नासाठी राखलेला कापूस हलक्या भावात गेला.

पुढे रोहिणखेडला मशिदीपाशी त्यांनी मला चहा पाजला. “तू होता म्हून तेवढा तरी भाव भेटला, बेटा.”

‘चाचा, मले माफ करा,’ हे मी चहाबरोबर गिळलं.