कोरडी तपासणी

वर्कशॉपमध्ये त्याला सगळे कार्बनमामा म्हणत. मशीन कुठलंही येवो, कशानेही बंद पडलेलं असो, हा आधी मोटरचे कार्बन काढून बघणार. कार्बन म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे काळे ठोकळे. ते झिजले की ठिणग्या उडतात. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडायचा, त्यामुळे स्वारीचा स्वतःवर जरा जास्तच विश्वास बसला होता. हॉटेलं, दवाखाने, थिएटरं इथले कमरेएवढे, चाकांवरचे, धुळीबरोबर पाणीही ओढणारे व्हॅक्यूम दुरुस्त करण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. बोटांच्या रेषांत काळी पूड कायमची बसलेली. त्याची बायको म्हणायची, "तुमच्याशी हात मिळवणाऱ्यांनी आधी विचार करावा."

पण त्या दिवशी टेबलावर चढवलेल्या मशीनला हात लावायचं त्याच्या जिवावर आलं होतं. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं मशीन. तिसऱ्यांदा आलेलं. तक्रार एकच, शॉक देतं. आणि तक्रार करणारी दुसरीतिसरी कुणी नव्हे, त्याची सख्खी थोरली बहीण.

ताईला तिथे साफसफाईच्या कामाला यानेच लावलं होतं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. कामाबरोबर हॉटेलच्या मागच्या अंगाला एक खोली मिळाली होती, म्हणून दोघांचं निभत होतं. "ते मशीन चावतं," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा याने वायर, स्विच, कार्बन, मोटर सगळं तपासलं. काही सापडलं नाही. दोष नाही, असं सांगून मशीन परत पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तोंडाला कुलूप कुठलं? सुपरवायझरला फोनवर हसत हसत म्हणाला, "अहो, आमची ताई लहानपणी दिव्याचं बटणसुद्धा लाकडी पट्टीने दाबायची!"

सुपरवायझरने ते आचाऱ्यांना सांगितलं. झालं. तेव्हापासून ताई आत आली की कुणीतरी विचारायचंच, "काय मावशी, पट्टी आणली का?" ती घरून रबरी हातमोजे घेऊन आली, तर आचारी म्हणाले, "आली आमची सर्जन!" शेवटी तिने मशीनला हात लावायचंच सोडलं. ओणवी होऊन फडक्याने फरशी पुसायला लागली, आणि काम मागे पडायला लागलं.

आता सुपरवायझरचा निरोप होता, "मामा, या खेपेला मशीन चांगलं निघालं तर तुमच्या ताईंना ते चालवावं लागेल. नाहीतर मला दुसरी बाई ठेवावी लागेल, आणि मग खोलीही तिलाच जाईल. माझ्याही डोक्यावर माणसं आहेत हो."

मामाने पुन्हा सगळं उलगडलं. मीटर लावला. मशीन सुरू करून दांडीवर टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. मशीन ठणठणीत.

जेवताना बायको म्हणाली, "लिहून टाका मोटर खराब म्हणून. बहीण आहे तुमची."

"आणि नवीन मोटर बसवल्यावर पुन्हा चावलं म्हणाली, तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता त्या दोघांनी जायचं कुठे?"

ताईची खोली वाचावी असं त्याला मनापासून वाटत होतं, यात शंका नाही. पण तिचं म्हणणं खोटं निघावं, असंही त्याला तितकंच वाटत होतं. ती खरी ठरली तर दोनदा चुकला कोण?

दुसऱ्या दिवशी जेवणाची गर्दी ओसरल्यावर तो स्वतःच मशीन घेऊन हॉटेलात गेला. ताई भट्टीपाशी गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"ताई, कुठे चावतं ते दाखव."

"मला काय विचारतोस? तू कार्बनमामा. तुला सगळं ठाऊक."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? माझी पट्टी इथे घरोघर वाटलीस की!"

पलीकडे भांडी लावणारा आचारी उगाच खाकरला. मामाचे कान तापले.

"चुकलं माझं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आता सांग. केव्हा चावतं?"

ताईने फडकं पिळलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता, यानेही नाही.

"सुरुवातीला नाही चावत. ओढलेल्या पाण्याची पहिली टाकी निमूट जाते. मग या भट्टीखालचं तेलकट निघावं म्हणून मी साबण जास्त ओतते ना, की दुसरी टाकी भरता भरता आवाज बदलतो. गुळण्या केल्यासारखा. मग त्या दांडीला हात लावायची सोय नाही."

मामा जागच्या जागी उभा राहिला. गुळण्या!

वर्कशॉपमध्ये मशीन तपासायचं ते रिकामं आणि कोरडं. टेबलावर पाणी सांडलं की मालक ओरडायचा, म्हणून सगळ्यांना तीच सवय. टाकीत पाणी भरत आलं की आतला तरंगता चेंडू वर येतो आणि मोटरकडची वाट बंद करतो, हे मामाला पाठ होतं. पण साबणाचा फेस चेंडूला उचलत नाही. तो बाजूने सरळ मोटरमध्ये शिरतो आणि वीज बाहेरच्या दांडीत उतरते. आणि मशीन स्टोअरमध्ये, मग गाडीत पडून वर्कशॉपला येईपर्यंत मोटर वाळून कोरडी होते.

"ओत साबण," तो म्हणाला.

"मी हात लावणार नाही."

"तू नको लावूस. तुझे हातमोजे दे."

पहिली टाकी गेली. दुसरी भरायला लागली आणि मशीनने गुळण्या सुरू केल्या. मामाने मीटरची एक तार दांडीला लावली, दुसरी स्टीलच्या नळाला. आकडा चढत चढत गेला. त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

पण मग वीज गळताच लाइन तोडणारा ब्रेकर कसा पडला नाही? त्याने हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

"पडायचा की!" इलेक्ट्रिशियन म्हणाला. "सारखा पडायचा, सगळं किचन अंधारात. आचारी माझ्या नावाने शंख करायचे. मग मी या मशीनला मागच्या स्टोअरमधून लाइन दिली. जुनी आहे, अर्थिंग नाही, पण कटकट नाही बघा. एकदाही पडत नाही."

मामा त्याच्यावर ओरडणारच होता, पण दोनदा 'दोष नाही' म्हणणारा तो स्वतःच होता.

सुपरवायझर आला तेव्हा आचारीही गोळा झाले होते. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीनमध्ये दोष आहे. पहिल्यापासून होता. मी कोरडं तपासलं. ताईने मशीन सोडलं नसतं तर आज तुम्ही तिला दवाखान्यात बघायला गेला असता. कदाचित तेही नाही."

सुपरवायझर गोरामोरा झाला. "मावशी, खोली तुमचीच राहील," एवढंच कसंबसं म्हणाला. आचारी आपापल्या भांड्यांकडे वळले.

ताईला त्यात रस नव्हता. ती भावाकडे बघत होती.

"तुझ्याकडे आणखी कुणी आलं होतं का रे अशी तक्रार घेऊन?"

आलं होतं. थिएटरची एक बाई मशीनबरोबर स्वतः वर्कशॉपपर्यंत आली होती. "हवा कोरडी असली की गालिच्यावर असे बारीक झटके बसतात," असं सांगून त्याने तिला वाटेला लावलं होतं.

मामाने बाहेर येऊन गाडीतूनच थिएटरला फोन लावला. मॅनेजरने उचलला.

"तुमच्याकडे मशीन चालवणारी बाई आहे ना? जरा तिला द्या."

"ती नाही आता. मशीनला हातच लावेना, मग काढली तिला."

"मग आता कोण चालवतं?"

"नवीन मुलगी आहे. आत्ता टॉयलेटच चाललंय धुवायचं. ऐका ना, आवाज येतोय."

येत होता. लांबून, घुमणारा, चांगलाच ओळखीचा, गुळण्यांचा.

"बंद करा ते! मशीनला हात लावू नका कुणी, भिंतीवरचं बटण बंद करा आधी!"

"अहो मामा, झालं काय? तुम्हीच तर चांगलं आहे म्हणून पाठवलंत!"

"हो, मीच! पळा तुम्ही!"

पावलं लांब गेली. मशीनचा आवाज चालूच होता. ताई गाडीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली होती. मामाने फोन कानाशी इतका घट्ट धरला होता की गालावर काळी बोटं उमटली. आवाज थांबायची वाट बघत तो तसाच बसून राहिला.