देवीचे उजवे अंग

गेल्या वैशाखात आम्ही चौघे मित्र एका डोंगरावर गेलो होतो. चौघेही सत्तरी ओलांडलेले. त्या दिवशी आम्ही पुष्कळ हसलो, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढचे सांगू लागलो की ते हसणे खोटे वाटेल, आणि ते खोटे नव्हते.

मी गिरगावातल्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. बाकीचे तिघे दादरच्या मारुतीपुढे शनिवारच्या दर्शनात जोडले गेलेले स्नेही: एक साताऱ्याकडचा, बसचा निवृत्त कंडक्टर, दुसरा दादरचा, बँकेतून निवृत्त झालेला, आणि तिसरा लालबागचा. या तिसऱ्याची पत्नी तेव्हा परळच्या रुग्णालयात होती. कर्करोग यकृतापर्यंत पोचला होता. इंजेक्शनांचा आणखी एक क्रम देऊन पाहता येईल किंवा त्यांना घरी नेता येईल, निर्णय तुमचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. नवऱ्याला इंजेक्शने हवी होती. तिने निर्णय आपल्या माहेरच्या देवीवर सोपवला.

"आईला कौल लावा," ती म्हणाली. "उजवा दिलान तर घेईन इंजेक्शनं. डावा दिलान तर मला घरी न्या. मग कोणी काही बोलायचं नाही."

ही देवी पेणच्या पुढे एका डोंगरमाथ्यावर आहे. नवऱ्याला एकटे पाठवणे आमच्याने होईना, म्हणून आम्ही त्या जाण्याची सहल केली. कंडक्टरने भाड्याची गाडी ठरवली, बँकवाल्याने घरून थालीपिठे आणली.

चढण दीड तासाची होती; आम्हाला तीन लागले.

"पुढे सरका, पुढे सरका! पुढे रिकामं आहे!" कंडक्टर मागून ओरडे.

"अरे, दोन स्टेंट आहेत माझ्यात," बँकवाला एका दगडावर बसत म्हणाला. "जरा स्टॉप घे की."

"हा विनंती थांबा आहे. आधी हात दाखवायचा, मग बसायचं. आणि गुरुजी, तुम्ही पुटपुटताय काय? तिकीट काढलंत का?"

"तुझ्यासाठी शांतिपाठ म्हणतोय," मी म्हणालो.

वाटेत करवंदांच्या जाळ्या लागल्या. करवंद दाताने फोडण्यापूर्वी ते आतून लाल निघेल की पांढरट, हे ओळखायचे. लाल तो कोंबडा, पांढरी ती कोंबडी. हा लहानपणीचा खेळ आम्ही म्हातारे अर्धा तास खेळलो. लालबागच्या मित्राने लागोपाठ पाच वेळा अचूक ओळखले. कित्येक आठवड्यांनी तो हसत होता. रस त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला.

"हिने पाहिलं तर मेलोच मी," तो म्हणाला, आणि रुमालाने डाग पुसू लागला.

देऊळ लहान, कौलारू होते. गुरव वृद्ध होता. त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजव्या अंगाची आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणे घातले. मी डोळे मिटून जप करीत होतो, पण मन जपात नव्हते, म्हणून डोळे उघडले. नेमक्या त्याच वेळी पाकळी पडली.

"उजवा! उजवा दिला!" कंडक्टरने टाळी वाजवली. बँकवाल्याने लालबागच्या मित्राला मिठी मारली.

ती पडली होती आमच्या उजव्या हाताला. देवी आमच्याकडे मुख करून उभी होती. आमचे उजवे ते तिचे डावे. कौल देवीच्या अंगाने मोजतात, हे त्या दोघांना ठाऊक नव्हते. लालबागचा मित्र कोकणातला. त्याला ठाऊक होते. मलाही होते. गुरवाने त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि पाकळी उचलून ताम्हनात ठेवली.

आम्ही दोघे अजून जागचे हललोही नव्हतो, तोवर कंडक्टरने सभामंडपात जाऊन फोन लावलासुद्धा. "वहिनी, पेढे काढा! आईने उजवा दिला!"

नवऱ्याने जाऊन फोन घेतला; मी मागोमाग गेलो. तो म्हणाला, "हो गं. उजवाच." मग फोन माझ्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

"भावोजी," ती म्हणाली, "ह्यांचं मी धरत नाही. तुम्ही खोटं बोलत नाही. आईच्या उजव्या अंगाचा ना?"

तो देवीकडे पाठ करून, माझ्यासमोर हात जोडून उभा होता.

"हो," मी म्हणालो.

"मग घेते," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, घरी जाऊ."

उतरताना कंडक्टर आणि बँकवाला जुनी नाट्यपदे म्हणत होते. आम्हीही सूर लावला.

सोमवारी इंजेक्शने सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात तिचे तोंड इतके सोलवटले, की मी नेलेले तीर्थही तिला गिळवेना. तिने एकदाही कुरकुर केली नाही. नर्सला शीर सापडत नसे, तेव्हा ती स्वतः हात पुढे करी. "टोचा, बाय. आमच्या आईनं सांगितलंन." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा असे. खरे सांगावे, असे रोज मनात येई, आणि रोज त्याला कालच्यापेक्षा अधिक उशीर झालेला असे. आषाढात, त्याच पलंगावर, ती गेली.

तेराव्याला आम्ही चौघे लालबागला त्याच्या खोलीबाहेर गॅलरीत बसलो होतो. कंडक्टरचे डोळे लाल होते.

"गुरुजी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमच्या त्या देवीनं फसवलं. होय म्हणून सांगितलं आणि असं केलं. मी आता हात जोडणार नाही तिला."

देवी खोटे बोलली नव्हती. हे सांगू शकणारे दोघेच तिथे होते. लालबागचा मित्र जमिनीकडे पाहत राहिला. मी उपरणे सारखे केले आणि ऐकून घेतले.