पाणी न पाहिलेली होडी

मी जन्माची भित्री. खाडीकाठी वाढले तरी पाण्यात घोट्याच्या वर कधी उतरले नाही. आई चिडवायची, ही चुकून मच्छीमाराच्या घरी आली. पण त्या दुपारी आईसुद्धा माझ्याइतकीच घाबरली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परदेशातल्या जागतिक प्रदर्शनात मांडायला सरकारने बाबांकडून एक होडी बांधून घेतली. ती किनाऱ्यावर बांधली आणि तिथूनच ट्रकवर चढली. तिला पाणी लागलंच नाही. आमच्यात पाणी न पाहिलेली होडी जमिनीवर कायमची ठेवत नाहीत. ती बांधणाऱ्याला सोबत न्यायला हाक मारते म्हणतात. होडी गेली आणि बाबांना खोकला जडला. बोईसरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, आईने देवीला कोंबडा कबूल केला, पण कशाचाच गुण येईना.

प्रदर्शन संपल्यावर सरकारने होडी परत आणली. ती आता मुंबईच्या संग्रहालयात कायमची राहणार होती. प्रवासात वरची एक फळी फुटली म्हणून संग्रहालयाचे साहेब ती आधी आमच्या गावी घेऊन आले. फळी बसवून झाल्यावर बाबा म्हणाले, "सायेब, हिला एकदा पानी दावतो नि देतो."

"लवकर आटपा," साहेब म्हणाले.

सुकलेली होडी आधी पाण्यात मुरवावी लागते. मग फळ्या फुगतात आणि फटी बुजतात. हे बाबांना काय मी सांगायचं? पण ट्रक खोळंबला होता, आणि परदेशात कुणीतरी तिला व्हार्निश लावून अशी चकचकीत केली होती की फट म्हणून दिसत नव्हती. आईने नारळ फोडला. बाबा एकटेच वल्हवत खाडीच्या तोंडाकडे गेले. ओहोटी लागली होती.

थोड्या वेळाने ते वल्हवायचे थांबले आणि वाकून पाणी उपसू लागले. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि उपसणंही थांबलं. होडी खाली बसू लागली. बाबा पट्टीचे पोहणारे, पण उबळ आली की त्यांना घरातल्या घरात चालवत नसे. शेजारी आई एकसारखी पुटपुटत होती, "हाक मारते हाय. ती हाक मारते हाय."

शेजाऱ्यांनी आपली होडी घालून त्यांना ओढून आणलं. बाबा चिंब भिजलेले, आणि वर हसत होते. "होडीत गुडघाभर तर पानी होतं. उगा घाबरता."

संध्याकाळी ट्रक गेला. बाबांचा खोकला पुढे कमी झाला. आईने त्याचं श्रेय पाण्याला दिलं, मी औषधाला.

बाबा गेल्यानंतर मी ते संग्रहालय पाहायला गेले. होडीपुढे पाटी होती: मच्छीमारांच्या रोजच्या वापरातली होडी. मला हसू आलं. मग आत वाकून पाहिलं. व्हार्निशवर खाडीच्या गाळाची रेघ तशीच होती, गुडघ्याच्या कितीतरी वर, काठाच्या जेमतेम चार बोटं खाली. मी तिथेच फरशीवर बसले.