इंदुबाईंची बिनतारी नाव

नव्या शाळेत शिकवण्याचा माझा पहिलाच दिवस होता. मधल्या सुट्टीत शिवणकामाच्या इंदुबाई वैरागडे घाईघाईने शिक्षकांच्या खोलीत आल्या, माझ्या हातात एक पितळी डबा कोंबला आणि म्हणाल्या, “धर वं पोरी, मी आलीच.” मी सकाळपासून उपाशी होते. नव्या मुलीची भूक या बाईंनी बरोबर ओळखली, असं वाटून माझे डोळे भरून आले. मी डबा उघडला. आत ओली माती होती आणि त्या मातीत गांडुळं वळवळत होती.

माझी किंकाळी ऐकून मुख्याध्यापिका धावत आल्या. त्यांच्या मागून इंदुबाई आल्या त्या थेट डब्यात वाकल्या. “एखांदं सांडलं तर नाही ना? उद्या रविवार हाय. मासोळ्याइचा नाश्ता हाय तो.”

आमची मुलींची शाळा खापरखेड्याला होती. नागपूरहून बदलून आलेली मी इतिहास शिकवत असे आणि बाईंच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत असे. बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या. बोलताना दातांत टाचणी धरायची सवय. त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बाहेर पडायचं. आठवडाभर त्या मुलींना काजं आणि टीप शिकवायच्या आणि रविवारी पहाट झाली की कन्हान नदीच्या डोहावर मासे धरायला जायच्या. बाईमाणसाने गळ टाकत बसणं कुणाला चमत्कारिक वाटलं, तर बाई शांतपणे म्हणत, “सुईत दोरा ओवता येते त्याले गळ लावता येते. मानसाले काय, बाईले काय.”

त्यांच्याकडे एक छोटा लाकडी डोंगा होता. तो वल्हवायचे त्यांचे यजमान, दौलतभाऊ. ते वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होते. आता गंमत अशी, की दौलतभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मासा खाणं सोडाच, त्याच्याकडे बघणंही त्यांना नको वाटे. बाईंच्या गळाला मासा लागला की ते तोंड फिरवून आभाळाकडे बघत बसायचे, आणि मासा टोपलीत गेला की विचारायचे, “झालं का वं?” सारे मासे कॉलनीत वाटले जायचे. मी एकदा त्यांना विचारलं, “भाऊ, मग तुम्ही जाता कशाला?” ते म्हणाले, “मंग डोंगा कोन वल्हवीन?” त्यांच्या लेखी विषय तिथेच संपला होता.

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी ते घराच्या छपरावर एरियल बसवताना खाली पडले आणि त्यांचा उजवा खांदा कायमचा आखडला. वल्हं बंद. बाईंनी एकटीने वल्हवून आणि गळ टाकून पाहिलं, पण डोंगा जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरायचा. शेजारपाजारच्यांनी वल्हवायला येतो म्हटलं, तर बाईंनी साफ नाही म्हटलं. चार रविवार त्या घरात बसल्या आणि घरातल्या सगळ्या पडद्यांना नव्या झालरी लागल्या. पाचव्या आठवड्यात दौलतभाऊंनी जाहीर केलं, “मी डोंग्याले मोटर लावून देतो.”

एका मोडक्या जीपचा डायनॅमो मोटरसारखा फिरवायचा, त्याला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला टेबलफॅनच्या पात्यापासून कापलेला पंखा, आणि वीज ट्रकच्या बॅटरीची. इथवर दोघांचं एकमत होतं. मोटर वळवायची कशी, यावर मात्र घरात महाभारत पेटलं.

“पायानं,” बाई म्हणाल्या. “माहे दोन्ही हात काठीले गुंतले राह्यतात. पाय रिकामेच हायेत ना! माह्या मशीनचं पायडल लावा. आयुष्यभर पायानंच पोट भरलं मी.”

“अवं, आता जमाना बिनतारीचा हाय!” दौलतभाऊंनी खिशातून एक डबी काढली. माझ्या भावाने कुवेतहून आणलेली रिमोटची मोटारगाडी बिघडली होती. ती मीच त्यांना देऊन बसले होते, तिचीच ही डबी. “बटन दाबलं का डोंगा वळला. पायात साखळ्या, तारा… गुंतून पडशीन पान्यात.”

“अन् बटन कोन दाबीन? मले तिसरा हात हाय का?”

“मी दाबतो ना. काठावर बसून.”

“काठावर काहून? डोंग्यात बसा की.”

“बॅटरीचं वजन पाह्य. दोघं बसलो तर डोंगा पान्याखाली चालीन.”

शाळेतही दोन तट पडले. गणिताच्या बाई बिनतारीच्या बाजूने, पी. टी. च्या बाई पायडलच्या. मुख्याध्यापिकांनी या विषयावर बोलायला बंदी घातली आणि संध्याकाळी मला गाठून हळूच विचारलं, “मग काय ठरलं हो?”

शेवटी दोन्ही करून बघायचं ठरलं. पहिला रविवार बिनतारीचा. अर्धी कॉलनी डोहावर लोटली. दौलतभाऊ स्टुलावर बसले, हातात डबी, डबीला सायकलच्या आऱ्यांची हातभर उंच एरियल. बाई डोंग्यात काठी धरून ताठ बसल्या. बटण दाबलं आणि डोंगा खरंच निघाला! टाळ्या पडल्या. भाऊंनी तो डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. लोक शिट्ट्या वाजवू लागले. तेवढ्यात गळाला काहीतरी दणदणीत लागलं.

“डावीकडे घ्या! डावीकडे!” बाई ओरडल्या.

“कोनाच्या डावीकडे?” भाऊ ओरडले. डोंग्याचं तोंड तेव्हा काठाकडे होतं. भाऊंनी स्वतःची डावी धरली, डोंगा उलटीकडे गेला आणि पाण्यात बसलेल्या म्हशींमध्ये घुसला. एक म्हैस उठली. दोरा तुटला. भाऊंनी घाबरून सगळी बटणं एकदम दाबली, आणि डोंग्याने तोंड फिरवून जो पल्ला गाठला तो थेट पलीकडच्या काठावर, एका डांगरवाडीच्या, म्हणजे खरबुजांच्या मळ्याच्या, वाळूत. आम्ही श्वास रोखून बघत होतो. थोड्या वेळाने बाई उथळ पाण्यातून लुगडं खोचून चालत आल्या. काखेत एक मोठं डांगर. “मासा नाही भेटला,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “पन मळेवाला लय चांगला हाय.” मी हसून हसून वाळूत बसले.

दुसरा रविवार पायडलचा. तो अगदी सरळ पार पडला. पुढे दाबलं की डावं, मागे दाबलं की उजवं. बाईंनी डोहावर जणू कशिदा काढला. दुपारपर्यंत टोपलीत मरळ मावेनात. त्यांच्यातली एक एवढी मोठी, की तिची शेपटी बाहेर लोंबत होती. पायडल जिंकलं! बाईंनी वळून काठाकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. दौलतभाऊ केव्हाच सायकलवर बसून घरी गेले होते.

मी परतले तेव्हा ते ओट्यावर बसून डबीचे स्क्रू उगाच काढत, पुन्हा बसवत होते. मी ओट्याच्या पायरीवर टेकले. तेच म्हणाले, “बाई, पायडल चांगलं हाय. मीच लावलं, मले मालूम हाय. पन मंग रविवारी मी करू काय, तुमीच सांगा?”

रात्री बाई माझ्याकडे आल्या. “हे काहून जेवून नाही राह्यले वं?” मी सांगितलं. बाईंनी दातांतली टाचणी काढली, पदराला टोचली आणि उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंतीपलीकडून त्यांचा खणखणीत आवाज आला. “अवो, ते पायडल काढा आन् माह्या मशीनले परत लावा. पोरीइचे फ्रॉक शिवाचे हायेत. अन् पायाले लय गोळे येतात त्यानं. तुमचं बटनच बरं!” पायाला गोळे! ज्या बाईने सगळी हयात पाय मारण्यात काढली, तिच्या!

“पन डाव्या-उजव्याचं काय?” भाऊंचा आवाज आला. त्यात इतका जीव होता की मला भिंतीअलीकडे हसू फुटलं.

“डावं-उजवं गेलं चुलीत. मी वीजकेंद्राच्या चिमनीकडे म्हनीन नाही तं खापा गावाकडे म्हनीन. चिमनी काही जागा नाही सोडत.”

तेव्हापासून दर रविवारी डोहावर हाच कल्लोळ. “चिमनीकडे! चिमनीकडे! अवो, खाप्याकडे म्हनलं मी!” मासे पायडलच्या मानाने निम्मेही मिळत नसत. म्हशींना सवय झाली. डोंगा आला की त्या आपण होऊन सरकायच्या.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. शेवटच्या रविवारी बाईंनी मलाही डोंग्यात घेतलं. “दोघी हलक्याच हाओत,” म्हणाल्या. माझ्या हातात काठी दिली. आम्ही डोहाच्या पार पलीकडच्या अंगाला असताना बॅटरी संपली. भाऊंनी काठावरून बटण दाबून पाहिलं, डबी आपटून पाहिली, मग ती स्टुलावर ठेवली आणि उथळाच्या बाजूने धोतरासकट पाण्यात शिरले. छातीएवढ्या पाण्यात त्यांनी डोंग्याची दोरी डाव्या हातात धरली आणि ओढायला लागले.

“अवो, खांदा!” बाई ओरडल्या.

“आखडला तो नाही, हा दुसरा हाय!”

बाई इतक्या हसल्या की डोंगा हेलकावे खाऊ लागला. मग पदर खोचून त्याही पाण्यात उतरल्या आणि भाऊंच्या मागे दोरी धरली. मी एकटी कोरडी, काठी हातात घेऊन, पाहुण्यासारखी मध्ये बसलेली. आणि ते दोघं पुढे डोंगा ओढत, कुठल्या काठाला लागायचं यावर भांडत चाललेले. मी काठाला लवकर लागू नये, असं मला फार वाटत होतं.