पर्सेफोनीला संत नाही

आमच्या वडिलांना जुन्या ग्रीक देवादिकांचं भारी वेड. मला नाव ठेवलं दिमित्रा, धाकटीला पर्सेफोनी. माझं नशीब बरं, दिमित्रिओस नावाचा संत मला आयताच मिळाला. आमच्यात वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस. दर ऑक्टोबरात त्याच्या दिवशी माझा नामदिन; घर माणसांनी भरलेलं आणि मी खुर्चीत ऐटीत बसलेली. पर्सेफोनी नावाचा संत मात्र अख्ख्या स्वर्गात नाही. म्हणून ती जन्मभर दुसऱ्यांच्या नामदिनाला पाकातल्या फळांच्या बशा फिरवत आली. एखादा पाहुणा चुकून विचारायचा, "तुमचा नामदिन कधी?"

"माझं वरून अजून पक्कं व्हायचंय," असं म्हणून ती दुसरी बशी पुढे करायची.

तिला नात झाली. नातीला आजीचं नाव, ही आमची रीत. बाई जी हरखली, बाप्तिस्म्याच्या टॉवेलवर स्वतःच्या हाताने नाव भरायला बसली. तेवढ्यात गावात नवे पाद्री आले, पापा-स्तॅथिस. दाढी धड भरली नव्हती, पण नियम सगळे पाठ.

"पाताळाच्या राणीचं नाव मी बाप्तिस्म्यात घेणार नाही," ते म्हणाले. "दिमित्रा ठेवा. घरातलंच आहे."

घरातलंच म्हणजे माझं. मला अस्सा संताप आला. घरी येऊन पर्सेफोनीने टॉवेलवरचं नाव उसवायला घेतलं. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि माझ्या पिशवीत कोंबला.

पुढच्या आठवड्यात चर्चची सहल निघाली, जुन्या करिंथला. प्रेषित पौल जिथे न्यायासनासमोर उभा राहिला ती जागा बघायला. बसमध्ये पापा-स्तॅथिस माईक हातात घेऊन बजावत होते, "तिथे मूर्तिपूजकांची देवळं दिसतील. दगड आहेत ते. बघायचे आणि पुढे चालायचं." एवढं सांगून त्यांना डुलकी लागली.

आता आमच्या बसची सवय अशी, की रस्त्यात चर्च लागलं आणि पुढच्या बाईने छातीवर क्रूस केला, की मागच्या सगळ्या करतात. मान वर करून बघतं कोण? पुढे बसली होती पर्सेफोनी, डोळ्यांत मोतीबिंदू. टेकाडावर उंच खांब दिसले, तिने भक्तिभावाने क्रूस केला. मागून सगळ्या बायकांचे हात हलले. त्या सळसळीने पापा-स्तॅथिस दचकून जागे झाले आणि त्यांनीही घाईघाईने तीनदा क्रूस केला, वर "प्रभू, दया कर" असं पुटपुटले.

ड्रायव्हर वांगेलिस आरशात बघत शांतपणे म्हणाला, "फादर, ते अपोलोचं देऊळ होतं."

फादरांचे कान लालबुंद. मी त्यांची सालटी काढायला तोंड उघडलंच होतं, तर पर्सेफोनीच आधी बोलली, "असू दे हो फादर. हात कुणासाठी वर गेला ते देवाला कळतं."

तिच्या मनात काही नव्हतं, बिचारीला फक्त त्यांना सांभाळून घ्यायचं होतं. पण मी थोडीच सोडते? पिशवीतून तो टॉवेल काढला, त्यांच्या मांडीवर पसरला आणि म्हणाले, "मग बाप्तिस्म्यात हाक कुणाला मारली, तेही कळेल त्याला."

करिंथला ते टॉवेल हातात घेऊनच उतरले. पौलाच्या जागेपाशी उभे राहून टॉवेलच्या घड्या घालत राहिले. परतताना पर्सेफोनीजवळ येऊन म्हणाले, "बाप्तिस्मा सर्व संतांच्या रविवारी ठेवा. ज्या संतांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांचाही तो दिवस. असेल त्यांच्यात एखादी."

त्या रविवारी पोरीला पाण्यात बुडवताना त्यांनी नाव असं खणखणीत घेतलं, की पोरीने भोकाड पसरलं. दुपारी घर भरलं. मी पर्सेफोनीला दंडाला धरून माझ्या खुर्चीत बसवलं आणि बशा फिरवायला घेतल्या. लोक वाकून वाकून म्हणत होते, "नामदिनाच्या शुभेच्छा, पर्सेफोनी."

तिने मान हलवली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दिमित्रा, बशी सरळ धर. पाक सांडतोय."