खिशातल्या वस्तूंचा डबा

कोट हातात आला की ती आधी त्याचे खिसे उलटे करायची. हँगर नंतर, किमतीची चिठ्ठी त्याहून नंतर. खिशातून निघायचं काय, तर ट्रेनचं जुनं तिकीट, एकटाच हातमोजा, कुणाच्या तरी चष्म्याची दांडी. आम्ही बाकीचे ते सरळ कचऱ्यात टाकायचो. ती एकेक वस्तू पाकिटात घालायची, पाकिटावर तारीख आणि कोटाचा रंग लिहायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ते उभं लावून ठेवायची. "अगं, कोण येणारेय?" असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"येतील विचारायला, आंटी."

दोन वर्षांत विचारायला कुणीही आलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

हे इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं एक चॅरिटी शॉप, लोकांनी दिलेले जुने कपडे विकून मदतकार्यासाठी पैसे उभे करणारं दुकान. तुम्ही इकडे राहत असाल तर असल्या दुकानात जुन्या कपड्यांच्या पिशव्या देऊन आला असालच. मागच्या खोलीत त्या पिशव्या उपसणारी माणसं मात्र तुम्ही पाहिलेली नसतात. मी आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि शनिवारी तिथे फुकट राबते. नवऱ्याच्या मते घरची कपाटं आवरली तर जास्त पुण्य लागेल.

ही खिसे तपासणारी मुलगी आईबरोबर अफगाणिस्तानातून आलेली. आश्रयाचा अर्ज केलेला, निकालाचा पत्ता नाही, आणि सरकारनं दिलेल्या हॉटेलच्या एका खोलीत दोघी. हिंदी ती टीव्हीवरच्या मालिका बघून शिकली होती, त्यामुळे सुरुवातीला माझ्याशी थेट मालिकेतल्या सासूसारखी बोलायची. "हे तुम्हाला शोभतं का?" असं तिनं मला चहाचा कप न विसळल्याबद्दल सुनावलं होतं.

तिची शाळा संपली. तिला फार्मसी शिकायची होती आणि मार्क उत्तम होते. शाळेतल्या बाईंनी पुढे काय काय करता येईल याची यादी दिली होती. ती यादी आम्ही कपडे निवडायच्या टेबलावर पसरली आणि एकेक ओळ खोडत गेलो. विद्यार्थी म्हणून कर्ज मिळणार नव्हतं. फी परदेशी विद्यार्थ्यांची, म्हणजे कितीतरी पट. अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी, आणि नोकरीची तिला परवानगी नाही. कॉलेजात इंग्रजीचा वर्ग होता, पण तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. व्हॉलंटियरिंग चालेल असं लिहिलं होतं, ते ती करतच होती. शेवटी एकच ओळ उरली. एका विद्यापीठात आश्रय मागणाऱ्यांसाठी फी माफ असलेली एक जागा होती. एकच.

त्या अर्जाला शिफारसपत्र हवं होतं. आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "तूच लिही, तुला छान जमतं."

मग मी आमच्याकडची कला दाखवली. पुण्यात आम्ही बायोडेटा लिहायला शिकलो ते असंच. दोन दिवस केलेलं काम सहा महिन्यांचं करायचं, ज्याला नुसता हात लावला ते सगळं आपणच सांभाळलं म्हणायचं. इतकं तर सगळेच लिहितात आणि वाचणारा त्यातून निम्मं वजा करतो, असा माझा ठाम समज. मॅनेजरबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होत्या तेव्हा या मुलीनं दोन शनिवार माझ्याबरोबर काउंटर सांभाळला होता. मी लिहिलं की त्या काळात अख्खं दुकान तिनं एकटीनं चालवलं. वाचून मलाच भरून आलं.

इथे कुणी निम्मं वजा करत नाही. विद्यापीठानं विचारलं, पगारी मॅनेजरच्या जागी ही मुलगी काम करत होती का? तसं असेल तर ती नोकरी झाली, आणि नोकरीची तिला मनाई आहे. दुकान चालवणाऱ्या संस्थेनं चौकशी होईपर्यंत तिला येऊ नको असं कळवलं. मी लेखी कबूल केलं की चूक माझी, मी फुगवून लिहिलं. ते कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत मुदत संपली आणि जागा दुसऱ्या कुणाला गेली. तोही असाच कुणी असणार, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नाही.

आमची शेवटची भेट दुकानासमोरच्या बाकावर झाली. आत यायची तिला बंदी होती. हॉटेल रिकामं करत होते आणि परवा दोघींना उत्तरेकडच्या कुठल्याशा गावी हलवणार होते. गावाचं नाव तिला तेव्हाही माहीत नव्हतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर," मी म्हटलं. "मी नीट लिहून देईन."

"पुढच्या वर्षी मी कुठे असेन, आंटी?"

ती दुकानाच्या काचेकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "एक विचारू? जे खरं होतं ते कमी होतं का?"

मी तिच्यावर माया करते असं मला वाटायचं, पण ती मुलगी जशी आहे तशीच पुरेशी आहे यावर माझाच विश्वास नव्हता. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आमच्याच दुकानातून घेतलेल्या हिरव्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि बस स्टॉपकडे गेली. आठवड्यानं मी फोन केला तर नंबर बंद होता. तो अजून बंदच आहे.

मी पत्र पुन्हा लिहिलं, या वेळी खरं. दोन शनिवार, काउंटरवर, माझ्यासोबत. प्रत्येक कोटाचे खिसे तपासते. सापडलेली कुठलीही वस्तू फेकत नाही. जेमतेम अर्धं पान झालं, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. पाकिटात घातलं, वर तारीख टाकली, खाली लिहिलं, हिरवा कोट. आणि डब्यात सगळ्यात शेवटी उभं लावलं.

परवा मॅनेजरबाई फळी आवरत होत्या. डबा हातात घेऊन म्हणाल्या, "हे घ्यायला कुणी येणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं, आणि डबा त्यांच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवला.